मॅक्रो टँकमधली झाडं पुन्हापुन्हा गायब होत असतील तर

मॅक्रो टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, मोठं समुद्री शेवाळ झाडांसारखं हौसेने लावलेला टँक. त्यासाठी मूठभर लाल ग्रासिलारिया, म्हणजे फांद्यांचं शेवाळ, आणायचा, नायलॉनच्या दोऱ्याने दगडाला बांधायचा, आठवडाभर आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचा आणि दहाव्या दिवशी दगडावर नुसता दोरा उरलेला बघायचा. माझ्या डोंबिवलीतल्या तीन फुटी टँकमध्ये हे चार वेळा झालं. दर वेळी दुकानात एकच उत्तर मिळालं, "लाइट वाढवा." लाइट वाढवला की नको असलेलं केसाळ शेवाळ फोफावायचं आणि हवं असलेलं तरीही जायचंच. चारही वेळा कारण वेगळं निघालं. त्यातली दोन कारणं मी स्वतः पैसे मोजून घरी आणली होती, तिसरं झाडाबरोबर फुकट आलं होतं, आणि चौथ्या वेळी तर कोणी काही खाल्लंच नव्हतं.

घोटाळ्याचं मूळ 'रीफ-सेफ' या शिक्क्यात आहे. प्रवाळाला तोंड लावत नाही तो प्राणी रीफ-सेफ, एवढाच त्याचा अर्थ. प्रवाळ पाळणाऱ्याच्या लेखी शेवाळ म्हणजे तण, आणि तण खाणारा म्हणजे उपकारकर्ता. आपण तेच तण हौसेने लावतो. त्यामुळे पिवळा टँग आणि फॉक्सफेस हे मासे, टर्बो गोगलगाय ही 'सगळ्यात उपयोगी' मंडळींची यादी आपल्याला उलटी वाचावी लागते. टँक साफ ठेवायला म्हणून जो क्लीनअप क्रू आणतो, तिथे कुंपणच शेत खातं.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त लोकांना पडतो त्यालाही कारण आहे. प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्री काकड्या या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यामुळे खाऱ्या पाण्याचा टँक हवा पण प्रवाळाच्या भानगडीत पडायचं नाही, असे बरेच जण मॅक्रोकडे वळतात. परदेशी याद्यांमध्ये मॅक्रो टँकसाठी पहिलं नाव समुद्रघोड्याचं असतं. शेपटी गुंडाळायला त्याला झाडं लागतात आणि तो ती खात नाही, हे खरंच आहे. पण इथे तो विषय तिथेच संपतो. कोणी 'गुपचूप मिळवून देतो' म्हणाला तरी नको.

आधी चाळणीची चाचणी

माशावर संशय घेऊन लगेच जाळं टँकमध्ये घालू नका. मी घातलं होतं. अर्धा टँक उपसला, दगडांची रचना मोडली, बिचारा गोबी पकडून परत दिला आणि झाडं जायची ती जातच राहिली. समुद्रात काम करणारे संशोधक खडकावर पिंजरे ठोकून कोण काय खातं ते बघतात. आपणही घरच्या वस्तूंनी तेच करू शकतो.

जे झाड जातंय त्याचे तीन सारखे तुकडे घ्या. पाणी झटकून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येकी १० ग्रॅम मोजा. पहिला तुकडा बारीक नायलॉन जाळीच्या पिशवीत घाला. त्याआधी तो टँकच्याच पाण्यात बादलीत चांगला खळबळून घ्या, नाहीतर आत लपलेले किडे पिशवीत जाऊन हिशेब बिघडवतील. दुसरा तुकडा मोठ्या भोकांच्या प्लास्टिकच्या झाकणवाल्या डब्यात ठेवा, म्हणजे मासा आणि गोगलगाय बाहेर राहतील पण बारीक जीव आत जाऊ शकतील. भाजी धुवायच्या दोन चाळण्या तोंडाला तोंड लावून बांधल्या तरी चालतं. तिसरा तुकडा उघडा, दगडाला बांधलेला. तिन्हींना उजेड आणि प्रवाह साधारण सारखा मिळेल असं बघा आणि चार दिवसांनी पुन्हा तोला.

फक्त उघडा तुकडा घटला असेल तर खाणारा मोठा आहे: मासा, गोगलगाय, खेकडा किंवा अर्चिन, म्हणजे काटेरी समुद्री गोळा. चाळणीतलाही घटला आणि पिशवीतला शाबूत असेल तर बारीक जीव. तिन्ही सारखेच विरघळले किंवा पांढरे पडले असतील तर कोणीही खात नाहीये, पाण्यात किंवा झाडातच काहीतरी चाललंय. ते वेगळं प्रकरण आहे, खाली येतो त्याच्याकडे.

मोठा खाणारा निघाला तर आणखी एक फेरी करा. उघडा तुकडा संध्याकाळी लाइट बंद झाल्यावर ठेवायचा आणि सकाळी लाइट लागण्याआधी काढायचा. दुसऱ्या दिवशी उलट, फक्त दिवसा. मासे दिवसा चरतात. अर्चिन, खेकडे आणि बऱ्याचशा गोगलगायी रात्रीच्या. रात्री बघायचं असेल तर टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. लाल उजेडात ही मंडळी फारशी दचकत नाहीत. पहिल्या रात्री मी दोन वाजता उठलो, तेव्हा घरच्यांना वाटलं मला बरं नाही.

खुणाही बोलतात. शेंडे छाटल्यासारखे सारखे तुटलेले दिसले तर टँग किंवा रॅबिटफिश. दगड खरवडून पांढरा पडलाय, त्यावर कोरलाइनही (दगडावरचा गुलाबी चुनखडी थर) उरलेलं नाही, तर अर्चिन. पानाला कडेपासून वेडीवाकडी भोकं आणि पान गुंडाळून केलेली छोटी नळी दिसली तर अँफिपॉड, म्हणजे कोळंबीसारखे बारीक किडे. त्यातले काही चक्क पान दुमडून घर बांधतात आणि तेच घर खातात. कॉलर्पा या हिरव्या शेवाळाचं पान जागेवरच आहे पण आतला हिरवा रंग शोषून घेतल्यासारखा फिका ठिपका पडलाय, तर हिरवी स्लग, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. बुंध्यापाशी सडलेल्या भागात लांबट केसाळ किडे वळवळताना दिसले तर लगेच त्यांना दोष देऊ नका. हे ब्रिसल वर्म मेलेलं, कुजलेलं खातात, जिवंत झाड नाही. तेच सगळ्यांच्या डोळ्यांत येतात आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

तोंड बघा, नाव नाही

दुकानात मासा बघताना मी आता किंमत विचारायच्या आधी तोंड बघतो. झेब्रासोमा प्रजातीतल्या टँगचं तोंड लांबट, चिमट्यासारखं असतं. खडकाच्या फटीतून शेवाळ उपटण्यासाठीच ते घडलंय. पिवळा टँग यातलाच. फॉक्सफेस आणि बाकीचे रॅबिटफिश समोरच्या दातांनी पान कातरतात. हे दोघे आले की लाल आणि मऊ हिरवं काहीही टिकत नाही. कॉलर्पात कॉलरपेनाइन नावाचं कडू-विषारी रसायन असतं आणि ते पुष्कळ माशांना नको असतं, पण भुकेला रॅबिटफिश त्यालाही सोडत नाही. शिवाय दोघेही वीसपंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढतात. तीन फुटी टँकमध्ये त्यांना ठेवणं मुळातच अन्याय आहे, झाडं असोत वा नसोत. निळा टँग, ज्याला दुकानात सगळे 'डोरी' म्हणतात, तो बराचसा तरंगतं अन्न खातो, पण म्हणून विश्वास ठेवू नका. त्याच घराण्यातला आहे.

"रोज नोरीची पट्टी लावली की टँग झाडांना हात लावणार नाही," हा सल्ला मी प्रामाणिकपणे दोन महिने पाळला. नोरी म्हणजे तरी काय, वाळवलेलं लाल शेवाळच. मी त्या माशाला रोज सकाळी शिकवणी देत होतो की हे असं दिसणारं, असं लागणारं, ते खायचं असतं.

ब्रिसलटूथ टँगचं, म्हणजे कोल वगैरेंचं, थोडं वेगळं. त्यांचे दात ब्रशसारखे असतात. ते पान तोडत नाहीत, खडकावरचा थर आणि गाळ विंचरतात. मोठ्या टँकमध्ये जाड पानांच्या झाडांबरोबर ते राहिलेले मी बघितलेत. पण मऊ लाल झाडांबरोबर मी ठेवणार नाही.

बटू एंजल, म्हणजे कोरल ब्युटी, फ्लेम वगैरे, यांचं निम्मं जेवण शेवाळ असतं. दिवसभर टोचत फिरतात. एकदम फडशा पाडत नाहीत, म्हणून दोष लाइटवर जातो. स्कॅट तर आपल्याकडे सहज आणि स्वस्तात मिळतो आणि शेळीसारखा चरतो. गोड्या पाण्यातली मॉली हळूहळू खाऱ्यात आणून केसाळ शेवाळावर सोडायची युक्ती चांगली आहे, मी अजून करतो, पण उल्वा (पातळ हिरवं शेवाळ) आणि ग्रासिलारियाची कोवळी टोकं ती सोडत नाही. जाड, चुनखडी अंगाच्या हॅलिमेडाच्या टँकमध्ये चालेल.

डॅमसेलबद्दल एक गंमत. त्यातल्या काही जाती शेती करतात, अक्षरशः. स्वतःच्या तुकड्यावर आवडीचं बारीक शेवाळ वाढवतात आणि नको असलेलं निंदून काढतात. त्यांच्या हद्दीत तुम्ही बांधलेला झुपका हे तण. खात नाहीत, उपटून फेकतात. सकाळी झुपका टँकच्या कोपऱ्यात अख्खा तरंगताना सापडला तर हे आठवा.

आता जे चालतात ते. ज्यांचं तोंड लहान आणि वरच्या बाजूला उघडतं, ते पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव टिपणारे मासे. पानावर त्यांचा डोळाच नसतो. हिरवे क्रोमिस, बँगाई आणि पायजमा कार्डिनल, फायरफिश, रॉयल ग्रॅमा, मायडस ब्लेनी, फेअरी रास. ऑसेलॅरिस क्लाऊनही चालतो. तो थोडंफार शेवाळ खातो पण झाड उद्ध्वस्त करत नाही. एनिमोन, म्हणजे समुद्रफूल, नसला तर कधीकधी लाल झुपक्यालाच घर मानून त्यात लोळतो आणि नाजूक फांद्या तुटतात, एवढंच. क्लाऊनची पैदास भारतातही होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने ती केली आहे. तेव्हा विचारून कैदेत जन्मलेली जोडी घ्या. ती खायलाही लवकर लागते. मँडरिन हा तर मॅक्रो टँकचाच मासा म्हणायला हवा, कारण तो जे बारीक कोपेपॉड खातो ते झाडांतच वाढतात. पण झाडं वर्षभर नांदली आणि टँक किड्यांनी भरला की मगच. नव्या टँकमध्ये तो उपाशी मरतो.

गोबींमध्ये एक फरक ध्यानात ठेवा. वॉचमन गोबी निरुपद्रवी. पण वाळू तोंडात भरून कल्ल्यांतून चाळणारे स्लीपर गोबी झाड खात नाहीत, ते झाडावर वाळू ओततात. माझा पहिला पेनिसिलस, तो दाढीच्या ब्रशासारखा दिसतो ना, तो असाच जिवंत पुरला गेला. मी त्याला खाल्लेलाच समजत होतो. टँक रिकामा करताना वाळूखाली सापडला.

लॉनमोअर ब्लेनीबद्दल लोक भांडतात. तो दगड आणि काच चाटतो, थर आणि गाळ खातो, पान तोडायचे दात त्याला नाहीत. मी त्याला चालणाऱ्यांत धरतो. फक्त टँक चकचकीत स्वच्छ असेल तर तो उपाशी राहतो आणि मग काय करेल सांगता येत नाही.

क्लीनअप क्रू: इथेच जास्त जण फसतात

काहीच चरणारे नकोत असंही करून चालत नाही. मी मधे एकदा तेच केलं, सगळ्या गोगलगायी काढून टाकल्या. महिन्याभरात ग्रासिलारियावर तपकिरी थर आणि केस चढले, उजेड अडला आणि झाड आतून सडलं. झाडाच्या अंगावर वाढणारं बारीक शेवाळ चाटणारं कोणीतरी हवंच. पण त्याची जीभ खरवडणारी हवी, कातरणारी नको, आणि अंगाने तो लहान हवा.

सेरिथ या बाबतीत सगळ्यात भरवशाच्या. लांबट शंखाच्या, छोट्या, वाळूत आणि दगडावर दोन्हीकडे फिरतात. ट्रोकसही चांगल्या, उलट्या पडल्या तर स्वतः सरळ होतात. नॅसॅरियस शेवाळाकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्या उरलेलं मांस शोधतात. आपल्या कोकणातल्या खडकांवर भरतीच्या रेषेजवळ ज्या गोलसर नेराइट असतात त्याही फक्त थर खरवडतात. मात्र त्यांना पाण्याबाहेर चढायची सवय असते. रात्री भिंतीवर सापडतात, म्हणून झाकण घट्ट.

टर्बो मोठी आणि कष्टाळू, म्हणून सगळे घेतात. केसाळ शेवाळ संपलं की ती पान खायला लागते, आणि न खाल्लं तरी तिच्या वजनाने बांधलेली झाडं उखडतात. मुठीएवढी टर्बो नाजूक झुपक्यावरून चालली की काय उरतं ते स्वतः बघा. अर्चिन कुठलाही असो, नको. छोटा, रंगीत, अंगावर शिंपले मिरवणारा टक्सिडो अर्चिन दुकानात फार गोड दिसतो. तो झाडाचा तुकडा टोपीसारखा डोक्यावर घेऊन फिरतो आणि जाता जाता खातो. एमराल्ड खेकडा व्हलोनिया या शेवाळाचे फुगे खातो म्हणून आणला जातो, पण फुगे संपले की पुढचा घास तुमचा ग्रासिलारिया. सॅली लाइटफूट तसाच. हर्मिट खेकड्यांबद्दल माझं मत असं: दोनतीन लहान चालतील, वीस नाही. भूक लागली की लाल झाडांची मऊ टोकं खुडतात, आणि रिकामे शंख जास्तीचे ठेवले नाहीत तर सेरिथला मारून तिचं घर घेतात.

कोळंब्या बहुतेक निर्धोक. लाल-पांढरी क्लीनर, पेपरमिंट, बॉक्सर, छोटी सेक्सी श्रिंप, यातली कोणीही झाड खात नाही. पेपरमिंट एप्टेशिया हा त्रासदायक एनिमोन खाते म्हणून मॅक्रो टँकमध्ये तिचा खास उपयोग, कारण तिथे औषध मारणं नको असतं.

झाडाबरोबर फुकट येणारे

माझं तिसरं प्रकरण यातलं. ओळखीच्या एकाने किनाऱ्यावरून थोडं शेवाळ आणून दिलं होतं. पिशवीत तपकिरी-हिरवा, कानांसारख्या दोन शिंगांचा एक मऊ गोळा होता, बोटाच्या पेराएवढा. सी हेअर, शेवाळ खाणारी समुद्री गोगलगाय. मला वाटलं मस्त, कोकणची आठवण. तीन आठवड्यांत तो मुठीएवढा झाला आणि टँकमध्ये लाल काही राहिलं नाही. डिवचल्यावर सी हेअर जी जांभळी शाई सोडतो तिचा रंगसुद्धा लाल शेवाळातूनच येतो. म्हणजे तो माझी झाडं खाऊन माझ्याच पाण्यात ओकत होता.

दुसरा फुकट पाहुणा म्हणजे कॉलर्पावरच्या हिरव्या स्लग. एलिसिया आणि तिच्या भावकीतल्या. या पान चावत नाहीत, भोक पाडून आतला रस ओढतात. कॉलर्पा कितीही लांब पसरला तरी तो एकच महाकाय पेशी असतो, आत भिंती नाहीत, त्यामुळे रस ओढायला सोपा. काही जाती त्यातली हरितलवकं पचवत नाहीत, स्वतःच्या अंगात जिवंत ठेवतात आणि त्यामुळेच हिरव्या दिसतात. पानावर बसल्या की तुम्हाला दिसणार नाहीत. भिंग घ्या आणि पानाच्या मागच्या बाजूला गुंडाळीत घातलेली पांढरी अंडी शोधा, ती आधी सापडतात.

अँफिपॉड हा अवघड मुद्दा, कारण ते हवेही असतात आणि नकोही. बहुतेक जाती झाडाच्या अंगावरचं केसाळ शेवाळ खातात, म्हणजे फुकटचे माळी. पण एम्पिथोइड कुळातले झाडच खातात. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर यातल्या एम्पिथोई लॉन्जिमाना या जातीचा पुष्कळ अभ्यास झालाय. ती डिक्टियोटा खाते, जे शेवाळ त्यातल्या रसायनांमुळे मासे टाळतात. माशांना नको असलेल्या झाडात राहिलं की मासेही तिथे येत नाहीत, असा तिचा दुहेरी फायदा. म्हणून 'हे झाड माशांना आवडत नाही' एवढं पुरत नाही. चाळणीच्या चाचणीत बारीक जीव दोषी ठरले तर सिक्सलाइन रास किंवा तत्सम किडे टिपणारा मासा हा उपाय. तो मँडरिनचं अन्नही संपवतो, दोघे एका टँकमध्ये नकोत.

फुकटे पाहुणे येऊच नयेत यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. नवीन झाड आलं की टँकच्या पाण्याच्या बादलीत जोरात खळबळा, पाणी फेका, पुन्हा खळबळा. मग बरणीत, साध्या एलईडीखाली, एअर स्टोन लावून दोन आठवडे. बरणीच्या तळाशी काय काय जमतं ते बघून तुम्हीच पुढच्या वेळी आळस करणार नाही. आणि किनाऱ्यावरून शेवाळ ओरबाडून आणायची सवय लावून घेऊ नका. मालवणचा तर १९८७ पासून सागरी अभयारण्याचा भाग आहे, तिथे हातही लावायचा नाही.

कोणी खाल्लंच नसेल तर

पिशवीतला तुकडाही गेला, तर आता हे वाचा.

कॉलर्पा एका रात्रीत पांढरा, पारदर्शक, प्लास्टिकच्या पिशवीसारखा झाला आणि पाणी हिरवट गढूळ झालं, तर त्याने प्रजनन केलंय. अख्ख्या झाडातला जीवद्रव बीजपेशींत बदलतो, पहाटे पाण्यात सुटतो आणि मागे रिकामं कातडं उरतं. आदल्या दिवशी पान फिकट, जाळीदार डागांचं दिसतं, तेव्हाच कापून काढलं तर वाचता. एकदम खूप छाटणी, किंवा पाण्यात आणि उजेडात अचानक बदल, यानंतर हे होताना जास्त दिसतं. झालंच तर रिकामी पानं तातडीने काढा, एअर स्टोन जोरात, पाणी बदला, कार्बन लावा. प्राणवायू घटल्याने मासे मरू शकतात. माझं चौथं प्रकरण हेच. मी सकाळी सकाळी टर्बोला शिव्या घालत होतो आणि ती बिचारी काचेवर होती.

हॅलिमेडाही असंच करतो. त्याच्या चकत्यांच्या कडेला हिरव्या मण्यांचे घोस लटकले की एकदोन दिवसांत ते झाड पांढरं होणार. पण रात्री हॅलिमेडा फिका दिसला म्हणून घाबरू नका. तो रोज रात्री हरितलवकं आत ओढून घेतो आणि सकाळी परत बाहेर आणतो. सकाळीही पांढराच असेल तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी तपासा, त्याचं अंग चुन्याचं असतं.

लाल झाडं खाल्ली न जाता पिवळट, गुलाबी, मग पारदर्शक होत असतील तर ती उपाशी आहेत. त्यांचं लाल रंगद्रव्य म्हणजे नत्राची शिल्लक असते, नायट्रेट संपलं की ती शिल्लक मोडून खातात. मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि भरपूर झाडं असलेल्या टँकमध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य दाखवतात आणि आपण खूश होतो. मी नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास ठेवतो, स्किमर निम्मा वेळ बंद. आणि मेमध्ये पाणी ३० अंशांपुढे गेलं की कुठल्याही झाडाचा भरवसा नाही. पंखा लावा, बाष्पीभवन झालेलं पाणी रोज भरा.

झाडाचीही निवड करता येते

ज्याला टँग सोडवतच नाही, त्याने झाडं बदलावीत. चवीचा उतरता क्रम माझ्या अनुभवात साधारण असा: उल्वा आणि ग्रासिलारिया पहिल्या पंगतीत संपतात, त्यांच्याबरोबर हॅलिमेनिया आणि बोट्रिओक्लाडिया ही लाल शेवाळंही. कॉलर्पातला मण्यांचा प्रकार, समुद्री द्राक्षं, आग्नेय आशियात माणसंच कोशिंबिरीसारखी खातात, मासे कसे सोडतील. साध्या पट्टीसारख्या पानांचा कॉलर्पा त्यापेक्षा टिकतो. कीटो, म्हणजे तो हिरव्या तारेचा गुंता, टँग खातातच, म्हणून तो संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या वेगळ्या टाकीत, बरा. हॅलिमेडा, पेनिसिलस, युडोटिया ही चुनखडी अंगाची झाडं सगळ्यात शेवटी. त्यांची वाढ हळू, पण चरणाऱ्या माशासमोर हळू वाढणारं टिकाऊ झाड परवडतं.

दोषी पकडायचा कसा

दगड उचकटू नका. दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या, गळ्याकडचा भाग कापून उलटा आत बसवा, आत नोरीचा तुकडा चिमट्याने अडकवा आणि टँकमध्ये आडवी ठेवा. आदल्या दिवशी खायला देऊ नका. टँग नोरीसाठी आत येतो आणि गळ्यातून परत बाहेर पडायचं त्याला सुचत नाही. माझा दुसऱ्या सकाळी सापडला. अर्चिन आणि एमराल्ड लाल टॉर्चने रात्री हाताने उचलता येतात, हातमोजे घालून. सी हेअर हळूच, शाई सोडू न देता, पाण्यातच भांड्यात घ्या.

पकडलेला प्राणी दुकानात परत द्या किंवा मोठ्या टँकवाल्याला द्या. कुठला कुठून आलेला आहे हे माहीत नसताना खाडीत सोडायचा नाही. छाटलेल्या झाडांचंही तेच. भूमध्य समुद्रात १९८४ मध्ये मोनाकोच्या सागरी संग्रहालयाजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलिया दिसला आणि पुढे हजारो हेक्टरवर पसरला. कॅलिफोर्नियात तो २००० मध्ये सापडला, तेव्हा तिथल्या लोकांनी ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून तो मारला, आणि संपला असं जाहीर करायला २००६ उजाडलं. माझी छाटणी वर्तमानपत्रावर गच्चीत दोन दिवस कडक वाळते आणि मग सुक्या कचऱ्यात जाते.